राजाचा विडा

भेंडवळ, ता. जळगाव जामोद. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात, कडेने अठरा धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे म्हणजे पावसाचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर. विडा म्हणजे राजाची गादी, करडई म्हणजे देशाचे संरक्षण, मसूर म्हणजे शत्रू. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा हलला, विडा सरकला का, हे पाहून वाघ घराण्यातले महाराज भाकीत सांगतात.

*

भाकितावर माझा विश्वास नाही. पण पीक आणि राजा एकाच रिंगणात मांडणाऱ्याला व्यवहार चांगला कळत होता.

*

ऑगस्ट २०२२, ‘नेचर फूड’मधला अभ्यास. भारत-पाकिस्तान अणुयुद्धात शहरे जळाली, काजळीने ऊन अडवले, तर जगभरात दोन अब्जांहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात. हिशेब मका, तांदूळ, गहू आणि सोयाबीन या पिकांवर मांडलेला. म्हणजे चिखली-मेहकरच्या शिवाराचे वाटोळे व्हायला बॉम्ब तिथेच पडायला नको.

*

लोणारच्या काठावर हमखास कुणीतरी म्हणतो, ‘अणुबॉम्बच पडल्यासारखं वाटतं.’ विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, उल्केने पाडलेले. हिरोशिमात असा खड्डा पडलाच नाही. बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फोडला होता. जमीन जागेवर राहिली, माणसे गेली.

*

२००३ पासून आपले जाहीर धोरण: पहिला वार नाही, आपल्यावर झाला तर जबर उत्तर. २०१९ च्या प्रचारात बाडमेरच्या सभेत पंतप्रधानांनी विचारले, आपली अण्वस्त्रे काय दिवाळीसाठी ठेवली आहेत? धाक म्हणून धोरण पुरेसे होते. सभेतल्या वाक्यातला इशारा किती आणि प्रचार किती, हे सीमेपलीकडच्याने कसे ओळखायचे?

*

३ जानेवारी २०२२: रशियासह पाच अण्वस्त्रधारी देशांचे निवेदन, अणुयुद्ध जिंकता येत नाही, ते लढूच नये. २७ फेब्रुवारी: पुतिन यांचा अण्वस्त्र दलांना विशेष सज्जतेचा आदेश. दोन महिनेही निभले नाहीत.

*

१९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. या केंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा १९८८ चा करार आहे. कारगिल झाले, पुलवामा झाले, यादी चुकली नाही. या कामाला सभा लागत नाही. कुठे हात लावायचा नाही, हे दोघांनाही लेखी ठाऊक असते. राजाचा विडा जागेवर राहावा असे वाटत असेल, तर असे कागद वाढवायला हवेत.