रिळाची बैठक

गळाने मासे धरण्याला कोकणात 'गरवणे' म्हणतात आणि गळाला 'गरी'. काठी, दोरी, गरी आणि आमिष एवढ्यावर हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. रीळ मागाहून आले आणि येताना आपले शब्दही घेऊन आले. त्यामुळे रॉडच्या ज्या भागावर रीळ बसवतात त्याला बाजारात सरसकट 'रीळ सीट' म्हणतात. या लेखापुरती मी तिला 'बैठक' म्हणणार आहे. गवयाची बैठक, बैठकीची लावणी, विचारांना असलेली बैठक, या सगळ्यांत स्थिर बसण्याची जी अपेक्षा आहे तीच इथेही आहे.

रचना साधी असते. मुठीच्या मध्ये एक नळी. तिच्या एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या बाजूला आटे, आणि आट्यांवर फिरणाऱ्या चकतीने पुढे सरकणारी दुसरी टोपी. रिळाचा चपटा पाय या दोन टोप्यांमध्ये आवळला जातो. डोळ्यांना दिसते ते एवढेच. मात्र नळी आणि रॉडचा मूळ दांडा यांच्यामध्ये पोकळी असते, आणि खरे प्रकरण आहे ते त्या पोकळीचे. दांडा निमुळता, नळी सरळ; एकीचा आकार दुसऱ्याला कधी तंतोतंत जुळत नाही. ती पोकळी कशाने भरली यावर बैठकीचे आयुष्य ठरते. भरणी सैल झाली की आधी नुसता 'टक्' असा बारीक आवाज येतो. मग गरी फेकताना रीळ किंचित कलते. आणि एखाद्या दिवशी मोठा मासा लागलेला असताना रीळ आणि रॉडवरच्या कड्या यांची रेघच मोडते.

ही अडचण जुनी आहे. मा युआन या चिनी चित्रकाराच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात थंड पाण्यावर होडीत एकटा बसलेला माणूस आहे आणि त्याच्या काठीवर रीळ आहे. रिळाचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते. इंग्रजीत रिळाचा पहिला उल्लेख थॉमस बार्करच्या १६५१ सालच्या पुस्तिकेत सापडतो, म्हणजे आपण साहित्याचे लोक ज्याचे नाव ऐकून असतो त्या आयझॅक वॉल्टनच्या 'द कम्प्लीट अँगलर'च्या दोन वर्षे आधी. बार्करच्या त्या काठीला तळापासून दोन फुटांच्या आत भोक पाडून त्यात रीळ खोवलेले होते. जिथे काठी सर्वांत बळकट हवी तिथेच तिला भोक! पुढच्या कारागिरांनी भोक सोडून बाहेरून आवळण्याचा मार्ग धरला यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरफळ्या जोडून इंग्लंड-अमेरिकेत जे उंची रॉड बनत, त्यांच्यासाठी बराच काळ बांबू जाई तो 'कलकत्ता' या नावाने, हिंदुस्थानातून. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. आणि या रॉडचे धातूचे भाग बसवायला जो चिकटा वापरत त्यात लाख असे. तीही मुख्यतः आपल्याकडचीच. लाख म्हटले की आपल्याला लाक्षागृह आठवते आणि तिचा पेटण्याचा गुण तेवढा ध्यानात राहतो. कारागिराला तिचा दुसरा गुण मोलाचा होता: लाख ऊब दिली की सोडते आणि थंड झाली की पुन्हा धरते. ज्याने बसवले त्याच्या पश्चात दुसऱ्याला ते न फोडता काढता येई.

असो. हे सगळे मला वाचावे लागले ते मामांच्या रॉडमुळे. काचतंतूचा हा रॉड त्यांनी ऐंशीच्या दशकात घेतला आणि रत्नागिरीजवळ खडकांवरून गरवायला पुष्कळ वर्षे वापरला. आता त्यांना खडकावर उतरवत नाही. रॉड नातवाला द्यायचा होता, पण बैठक टक्‌टक् करत होती, आणि 'हलता रॉड पोराला देणार नाही' म्हणून ते अडून बसले होते. मी सुट्टीत गेले तेव्हा काम माझ्याकडे आले.

पितळी नळीवरचा मुलामा जाऊन तिला हिरवा कळंक धरला होता. दांड्याला थेट आच लावता येत नाही, काचतंतूच्या थरांना इजा होते. म्हणून आधी खालची मूठ कापून काढली आणि नळीला करवतीच्या पात्याने लांबीत चीर दिली, पण दांड्याला टेकणार नाही एवढीच. मग उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून नळी उकलली. कारखान्यात भरलेल्या पुठ्ठ्याचा खाली लगदा उरला होता आणि त्याच्यावर होती मामांची स्वतःची जुनी दुरुस्ती: जाळे विणायचा नायलॉनचा दोरा ओळीने, वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेला, आणि त्यावर अराल्डाइट. काम इतके नेटके होते की कापायला हात धजेना. दोष एकच होता. खालची कड उघडी राहिली होती, आणि तिथून खारे पाणी आत जात राहिले.

लाखेविषयी एवढे लिहूनही मी लाख वापरली नाही. कोकणातल्या उन्हात तापलेल्या खडकावर ती कधी दगा देईल सांगता येत नाही. दोन भागांचा, सावकाश धरणारा इपॉक्सीच बरा. पाच मिनिटांत धरणाऱ्यावर माझा भरवसा नाही. मात्र तो थेट दांड्यावर भरला तर पुढच्या माणसाला बैठक काढताना दांडाच गमवायची वेळ येते. दांडा १३ मिलिमीटरचा, नव्या बैठकीचे भोक १८चे. म्हणजे चहूबाजूंनी अडीच मिलिमीटर जागा. तिथे मास्किंग टेपची तीन कडी, प्रत्येकी सतरा वेढ्यांची, मध्ये अंतर सोडून बसवली आणि मोकळ्या जागेत इपॉक्सी भरला. साधी कागदी टेप. उद्या कोणाला नळी काढायची झाली तर कडी सोलून निघतील आणि बराचसा दांडा शाबूत राहील. इपॉक्सी ओला असतानाच रीळ चढवून, एक डोळा मिटून कड्यांची ओळ जुळवली. मग चोवीस तास हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी रॉड कानाशी धरून हलवला. काही बोलले नाहीत. मग विचारले, "आतनं काय निघालं गो?"

घट्ट झालेल्या दोऱ्याचे ते कडे मी त्यांच्या हातावर ठेवले. अंगठ्याच्या नखाने ते बराच वेळ वेढे मोजत होते.

"तू किती दिलेस?"

"सतरा."

"आणि खालची कड?"

"बंद केली."