तिच्या जोडीस कोण होते?

चाकणास जपानी कारखाने आल्यापासून आम्हां चिंचवडकरांस जपान तितकासा परका राहिलेला नाही. घरातील मुलांनी तर तिकडची, २००२ साली सुरू झालेली, ‘नारुतो’ ही चित्रमालिका आम्हां वडील मंडळींसही दाखविली. तीतील त्सुनादे ही वैद्यकात अद्वितीय स्त्री. युद्धात तिचा धाकटा भाऊ गेला. पुढे ती स्वतः उपचार करीत असतानाच प्रियकरही गेला. तेव्हापासून रक्त दिसताच तिचे अंग कापू लागते. गाव सोडून ती जुगारात दिवस घालविते. मग नारुतो हा हट्टी मुलगा तिच्यासमोर जिवावर उदार होतो, आणि तिचे भय ओसरते!

येथेच कथाकार किशिमोतो यांच्याशी माझा वाद आहे. चौघांच्या प्रत्येक तुकडीत एक वैद्य असावा, अशी मागणी तिनेच केली होती. युद्धाच्या धामधुमीत ती तेव्हा अमलात आली नाही. मग दोष एकट्या तिच्या भित्रेपणाचा कसा?

आमची धाकटी जाऊ डॉक्टर आहे. एक रुग्ण दगावल्यापासून तिने दवाखाना बंद ठेविला आहे. घरात तीस धीराचे उपदेश पुष्कळ होतात. त्या रात्री तिच्या मदतीस दुसरे कोण होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. वाचकभगिनींनो, उपदेशाआधी हा प्रश्न विचारावयास नको काय?