नामशेष

‘नामशेष’ हा बहुव्रीही समास आहे. ज्याचे नाव तेवढे शेष उरले, तो नामशेष. संस्कृतात हा शब्द दिवंगत माणसासाठी येतो. कथाशेष आणि कीर्तिशेष हे त्याच जातकुळीतले. मराठीत त्याची व्याप्ती वाढली. घराणी, वाडे, आमराया नामशेष होऊ लागल्या आणि पृथ्वीवरून कायमच्या गेलेल्या प्रजातींनाही हाच शब्द मिळाला.

मराठी माणसाला तो बहुधा शाळेत, डायनासोर किंवा डोडोच्या निमित्ताने भेटतो. तेव्हा तो फार जुन्या, फार दूरच्या गोष्टींचा वाटतो. पुढे वर्तमानपत्रात सोलापूरकडच्या माळढोकाची बातमी येते, ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ असे शब्द दिसतात आणि ते अंतर संपते.

शास्त्रात या शब्दाला कडक अट आहे. शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरली नाही, तरच प्रजाती नामशेष ठरते. ती एकाच प्रदेशातून गेली असेल, तर ‘त्या प्रदेशातून नामशेष’ म्हणावे लागते. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात १९४७ साली महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातल्या चित्त्यांची ही अखेरची खात्रीची नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेत आणि इराणमध्ये मात्र तो उरला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आणलेले आठ चित्ते नामिबियाचे, म्हणजे आफ्रिकी उपप्रजातीचे होते.

‘लुप्त’ हा शब्द ‘नामशेष’हून सौम्य आहे. जे दिसेनासे झाले ते लुप्त. ते पुन्हा दिसू शकते. रानपिंगळ्याचा शेवटचा नमुना १८८४ मध्ये मिळाला होता. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे हा पक्षी कोणाला खात्रीने सापडला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो दिवसाउजेडी झाडावर बसलेला दिसला. तो लुप्त होता, नामशेष नव्हता. घाईने नामशेष म्हटले की शोध थांबतो आणि उरलेल्या जंगलाची राखणही सैल पडते.

नाव तरी उरते, असा दिलासा ‘नामशेष’ या शब्दात आहे, पण तेही आपोआप टिकत नाही. ‘चित्ता’ हा शब्द संस्कृत ‘चित्रक’ म्हणजे ठिपकेदार यावरून आला. खरा चित्ता पाहिलेली पिढी सरली आणि आज कित्येक जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात. प्राणी गेल्यावर त्याचे नाव नेमकेपणाने जपणे हे भाषेचे काम आहे, आणि ते बोलणाऱ्यांनीच करायचे असते.