पिशवी लावण्याआधी

"मॅडम, माझ्या रक्तात काही दोष होता का?"

2014 च्या पावसाळ्यातली गोष्ट. 28 व्या आठवड्यात जन्मलेलं, 950 ग्रॅम वजनाचं बाळ. आमच्या एनआयसीयूतला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला, त्याचा तिसरा आठवडा चालू होता. हिमोग्लोबिन उतरत उतरत 7.6 वर आलं, म्हणून रात्री रक्त लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टरने हाक मारली. पोट फुगलेलं, कातडी ताणून चकाकणारी, तोंडातल्या नळीतून हिरवं पाणी. एनईसी. दिवस न भरलेल्या बाळाच्या आतड्याला सूज येते आणि पाहता पाहता ते सडू लागतं, असा हा आजार.

वडिलांनी आदल्या दिवशी ब्लड बँकेत पिशवीच्या बदल्यात रक्त दिलं होतं. आपलंच रक्त बाळाला बाधलं असं त्यांच्या मनाने घेतलं. बाळाला लावलेली पिशवी दुसऱ्याच कुणाची होती, हे मी त्यांना सांगितलं. आणि लगेच पुढे बोलून गेले, "रक्त दिल्यावर कधी कधी असं होतं." ते वाक्य मला अजून बोचतं.

मी ते मनाने रचलं नव्हतं. त्या वर्षांतले कितीतरी अभ्यास सांगत होते की रक्त चढवलेल्या बाळांत एनईसी जवळजवळ दुपटीने दिसतो, आणि बऱ्याचदा रक्त दिल्यापासून 48 तासांच्या आत. आकडे खरे होते. पण रक्त कुठल्या बाळाला चढतं, हा प्रश्न मी त्या आकड्यांना विचारला नव्हता.

तो विचारायला हवा होता, कारण उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. 950 ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80 ते 85 मिलिलिटर रक्त असतं. चहाचा एक लहान कप. बाळ जितकं आजारी, तितक्या तपासण्या जास्त, आणि प्रत्येक तपासणीला त्या कपातून थोडं थोडं जातं. जंतुसंसर्ग झालेलं, श्वासाच्या मशीनवरचं बाळ सर्वांत जास्त टोचलं जातं, त्याचंच हिमोग्लोबिन सर्वांत लवकर उतरतं आणि त्यालाच पिशवी लागते. आतड्याचा धोकाही त्याच बाळाला जास्त. पिशवी दिसते, तिच्यावर नंबर असतो, लावल्याची वेळ फाइलमध्ये असते. तीन आठवड्यांचं आजारपण असं एका ओळीत मावत नाही. मग बोट पिशवीकडे जातं.

2016 मध्ये अमेरिकेत अटलांटामधल्या 598 बाळांचा अभ्यास आला. सगळी दीड किलोच्या आतली. त्यात एनईसीचं नातं रक्त देण्याशी दिसलं नाही. हिमोग्लोबिन 8 किंवा त्याखाली जाण्याशी दिसलं. अर्थात हेही नातंच, पुरावा नव्हे. पुरावा 2020 मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या 1824 बाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली होती. एका गटाला हिमोग्लोबिन थोडं उतरताच रक्त, दुसऱ्याला बरंच उतरल्यावर. जास्त रक्त मिळालेल्या गटात एनईसी शंभरात 10, कमी मिळालेल्या गटात शंभरात 10.5. म्हणजे फरक नाहीच. बाळांची वाटणी नशिबावर सोपवली आणि रक्तावरचा आळ गेला.

आकडे असे कसे फसवतात हे दाखवायला आमच्याकडच्या निवासी डॉक्टरांना मी नेहमी संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मींचा 1971 चा लेख सांगते. कॅलिफोर्नियातल्या बाळांत त्यांना विचित्र गोष्ट दिसली होती. सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त प्रमाणात कमी वजनाची; पण फक्त कमी वजनाची बाळंच पाहिली, तर त्यांत सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त जगत होती. आपल्याकडे सिगारेटऐवजी मशेरी घ्या. मशेरी लावणाऱ्या बाईचं दोन किलोचं बाळ आणि मशेरीला कधी हात न लावलेल्या बाईचं दोन किलोचं बाळ शेजारी शेजारी ठेवा. पहिल्याचं वजन तंबाखूने घटलं असेल. दुसऱ्याचं कशाने? कदाचित जन्मजात व्यंगाने, कदाचित पोटात असतानाच लागलेल्या संसर्गाने. दुसरं बाळ जास्त धोक्यात आहे, म्हणून मशेरी चांगली ठरत नाही. कमी वजनाच्या बाळांचाच वॉर्ड पाहून काढलेला निष्कर्ष असा फसवतो.

म्हणून नात्यांकडे पाठ फिरवावी असं मी कधीच म्हणणार नाही. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी तीन ठिकाणच्या बाळांची तुलना करून सांगितलं, की जिथे ऑक्सिजन सढळ, तिथे अंधत्व जास्त. तेही आधी नुसतं नातंच होतं. पुढे अमेरिकेतल्या चाचणीने ते खरं ठरवलं आणि असंख्य डोळे वाचले. पण मग ऑक्सिजन इतका आखडला गेला, की श्वासाविना बाळं दगावू लागली. नातं खरं असलं तरी त्यापुढे किती जायचं, हे पुन्हा मोजावंच लागतं.

"दुप्पट धोका" हे शब्द मी आता पालकांपुढे एकटे ठेवत नाही. हजारात एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीस, ते आधी सांगते. आणि कुणी आईने "माझ्यामुळे झालं का?" असं विचारलं, तर माहीत नसलेलं कारण तिच्या पदरात टाकत नाही.

2014 मधलं ते बाळ शस्त्रक्रियेशिवाय सावरलं, अडीच महिन्यांनी घरी गेलं. 2020 चे निकाल वाचल्यावर मी त्याच्या वडिलांना फोन करून सांगितलं, की रक्त देणं चुकलं नव्हतं, माझं वाक्य चुकलं होतं. आमच्या युनिटमध्ये रक्त लावण्याच्या कागदावर आता पिशवीच्या नंबराच्या वर आणखी दोन रकाने आहेत: हिमोग्लोबिन किती दिवसांपासून कमी आहे, आणि त्या दिवसांत बाळ कसं होतं.