उपाशीपोटीची गोळी आणि न्याहारीची गोळी

घरात कुणाला मधुमेह असला की शरीराच्या प्रत्येक तक्रारीला एकच नाव मिळतं. पाय दुखले, साखर. दुपारी डोळा लागला, साखर. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी मंदावलेल्या थायरॉइडची त्यात भर पडली. पण ती भर पडल्याचं कळायलाच पुष्कळ दिवस गेले, कारण सगळा दोष साखरेवर टाकून जो तो मोकळा होत होता.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची लहानशी, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीर किती वेगानं चालायचं ते तिच्या रसावर ठरतं. तो कमी पडला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं समजवायला नको. व्होल्टेज कमी आलं की विहिरीवरची मोटार नुसती घरघरते आणि पाणी येतं करंगळीएवढं. माझं तसंच झालं होतं. चैत्रातही अंगावर चादर लागे, पोट साफ होत नसे, आवाज घोगरा झाला, सकाळी डोळे सुजलेले. खुरपायला बसले की माझी पात सगळ्यांच्या मागं. घरचे म्हणत, वय झालं. बाईच्या थकव्याला आपल्याकडे एक तर वय म्हणतात, नाही तर आळस.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी टीएसएच नावाची रक्ततपासणी करवली. बैल चालेना की गाडीवान जास्त आसूड ओढतो, तसा मेंदूकडून थायरॉइडला येणारा हा हुकूम असतो. ग्रंथी जितकी मंद, तितका आकडा मोठा. मोठ्या माणसात तो साधारण चार-साडेचारच्या आत असावा. माझा 28 आला.

गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत अंगात जीव आला. पण उपाशीपोटीची साखर मात्र 130 वरून 165 वर गेली! शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ, ही गोळी साखर वाढवते, बंद कर." डॉक्टरांनी मात्र नीट उलगडून सांगितलं. थायरॉइड मंद असतो तेव्हा शरीरातलं इन्सुलिनही सावकाश संपतं, त्यामुळं साखर थोडी दबून दिसू शकते. वेग पूर्ववत झाला की मधुमेहाच्या औषधाची मात्रा कधी कधी वाढवावी लागते. म्हणजे बंद काहीच करायचं नसतं, हिशेब नव्यानं मांडायचा असतो.

खरी कसरत पुढं आहे. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. आपल्या घरात चुलीवर पहिला चहाच चढतो, त्यामुळं मला हाच नियम सगळ्यांत जड गेला. मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्यांचा नियम अगदी उलटा, त्यांना पोटात अन्न हवं. साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच गिळून बाई उपाशी शेतात गेली, तर बांधावर घाम फुटून, हातपाय थरथरून पडायची वेळ येते. म्हणून माझ्या गोळ्यांचे दोन डबे आहेत. एक देवळीत पाण्याच्या तांब्याजवळ, दुसरा भाकरीच्या टोपल्याशेजारी. कनवटीला साखरेची पुडी असतेच. थरथर सुटली की तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि मग काहीतरी खायचं.

रक्तवाढीच्या लोहाच्या आणि हाडांच्या कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवाव्यात; जवळ आल्या तर ती अंगी लागत नाही. एकादशीला गोळी सोडू नका, गोळी म्हणजे अन्न नव्हे. मात्र उपवास करायचाच असेल तर मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा. दिवसभर साबुदाण्यावर राहणं मधुमेह्याला तसंही परवडणारं नाही. कोबी खाऊ नका असं कुणी सांगेल. शिजवलेली कोबीची भाजी बेतानं खायला हरकत नाही. मीठ आयोडीनचंच वापरा, पण जास्त मीठ खाऊन हा आजार बरा होत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.

गोळीची मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात, आणि आकडा स्थिरावला की वर्षातून एकदा-दोनदा. कोलेस्टेरॉलही त्याच वेळी पाहून घ्यावं. थायरॉइड मंद असला की ते वाढतं आणि मधुमेह्याच्या हृदयावर आधीच भार असतो. आणि घरातल्या सुनेला किंवा लेकीला थायरॉइडची गोळी चालू असताना दिवस राहिले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. गर्भारपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते.