पौषातले घर

पौष महिन्याला आपल्याकडे कोणी फारसा मान देत नाही. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. कोणतेही नवे काम काढले की घरातले वडीलधारे 'पौष सरू द्या' म्हणून ते पुढे ढकलतात. संक्रांत तेवढी त्याच्या वाट्याला येते. पण ती सूर्याच्या हिशेबाने चालणारी, तिथीशी तिचे देणेघेणे नाही. म्हणजे तीही पौषाच्या घरी पाहुणीच. मला मात्र बारा महिन्यांत ह्या उपेक्षित महिन्याचीच ओढ. श्रावणाचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत. पौषाची बाजू घेणारे एखादे माणूस असायला हरकत नसावी.

आम्ही बालाघाटचे. वैनगंगेच्या काठचे हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहून भोपाळकडे तोंड करून बसले. गोंदिया येथून चाळीसेक किलोमीटर, पण मधून राज्याची सीमा जाते. आमच्यासारख्या घरांत स्वयंपाकघराची भाषा एक आणि फाटकाबाहेरची दुसरी. पंचांगेही दोन. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. त्यामुळे त्यांचा पूस आमच्या पौषाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधीच सरतो. कोकण-गोव्याकडील वाचकांना ही गंमत घरबसल्या मिळायची नाही. २०२४ साली त्यांचा पूस १६ डिसेंबरला लागला, खरमासही त्याच सुमारास. गल्लीतले बँड मुके झाले. आमचे घर मात्र तेव्हा भरू लागले होते. आमचा पौष ३१ डिसेंबरला लागला आणि दुसऱ्याच दिवशी पाहुणे गेले. तेथून संक्रांतीपर्यंत दोन्ही पंचांगांची शांतता एकदमच आमच्या पदरी पडली. चांगले दोन आठवडे!

नाताळच्या सुटीत मुलगा, सून आणि दोन नातवंडे पुण्याहून आली होती. लेक, जावई व त्यांचा मुलगा नागपूरहून. आम्ही दोघे धरून नऊ पाने. कान्ह्याच्या जंगलाचे मुक्की फाटक आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा एका पहाटे नऊजणांचे डबे भरणे आले. रात्री पत्ते, सकाळी तिसऱ्यांदा चहा, आंघोळीच्या पाण्यावरून भांडणे. ह्या सगळ्यांवर माझा जीव आहे. आणि ती सगळी गेली की मला आनंद होतो. ही दोन वाक्ये एका दमात उच्चारायला बाईला साठी ओलांडावी लागते. तोपर्यंत आपण पहिले मोठ्याने बोलतो आणि दुसरे उशीत तोंड घालून.

पूर्वी पाहुण्यांना पोचवायला स्टेशनवर जावे लागे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती छोटी गाडी गोंदियाकडे इतक्या बेताने निघे, की खिडकीतल्या माणसाशी बोलत फलाटाच्या टोकापर्यंत सहज चालता येई. नंतर तिची शिट्टी बराच वेळ ऐकू येत राही, आणि घर थोडेथोडे करून रिकामे होई. नैनपूरच्या बाजूची अरुंद वाटही २०१५ साली बंद झाली. आता रुंद रूळ थेट जबलपूरपर्यंत गेले आहेत. आमची मुले तर मोटारीने येतात. दार लावल्याचे दोन आवाज झाले, की शांतता अंगावर कोसळते. पहिला दिवस त्यामुळे वाईटच जातो, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून मात्र हात कामाला लागतात, आणि ते काम कोणासाठीच नसते. मोठा गंज घासून माळ्यावर जातो. गाद्या, रजया उन्हात पडतात. पलंगाखाली एक लहान मोजा आणि रंगाची मोडकी कांडी सापडते. ती मी फेकीत नाही, जपूनही ठेवीत नाही, खिडकीत ठेवते. भाताचे माप तेवढे लवकर सुधारत नाही. हाताला नवांची सवय लागलेली. दोन दिवस आम्ही दोघे शिळा भात परतून खातो.

मग दिवस लांबतात. पंचांगाप्रमाणे हे दिवस आखूडच, तरी लांबतात. सकाळी नदीच्या बाजूने धुके येते आणि नऊ वाजेपर्यंत सांदवाडीतली पेरूची झाडे दिसत नाहीत. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आलेल्या असतात. त्यांतले दाणे म्हणजे आमचे सोले. सोले काढायला दुपार लागते, आणि दुपार आमच्याकडे भरपूर. ह्या दिवसांत नवा चिन्नोर तांदूळही घरात आलेला असतो. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा वास शिजताना चार घरे ओळखतात ती ओळख त्याहून जुनी. त्याच्या कण्यांची मी पेज करते. बैहरच्या पठारावरचे गोंड आणि बैगा कोदो-कुटकीची पेज पितात. कोकणातले माझे वाचक उकड्या तांदळाची पीत असतील. मधे सारा महाराष्ट्र आडवा पसरला आहे, तरी शब्द एकच. ह्याचा शोध भाषापंडितांनी घ्यावा. मी मीठ घालून पिते.

ही शांतता सगळ्यांची नाही, हे मला दिसते. ह्याच डिसेंबर-जानेवारीत सरकारी धानखरेदी चालते. पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर केंद्रांपुढे रांगा लावून उभे असतात आणि शेतकरी थंडीत धानाची राखण करतात. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीला तर कोणत्याच पंचांगातला पौष लागत नाही. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंनी त्या जानेवारीत आठ दिवसांची रजा मागितली, ती मी पगारी दिली. त्यात औदार्य नव्हते. घरात दोनच ताटे होती.

शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारतात, "बहू-बच्चे चले गए, अब तो घर काटने दौड़ता होगा?" मी मान हलवते. खरे उत्तर दिले तर त्या माझ्यासाठी नवस बोलतील.

जाण्याच्या आदल्या रात्री मुलाने विषय काढला होता. तुमचे वय झाले, आईचे गुडघे दुखतात, येथे रात्री-बेरात्री कोण आहे. घर विकून पुण्याला या. त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. "विचार करून सांगतो," असे हे म्हणाले. मी म्हटले, "पौषात घर बदलत नाहीत." सगळे हसले. महिनाभराची मुदत मिळाली.

त्या मुदतीत आम्ही त्याविषयी फारसे बोललो नाही. एकदा दुपारी शेंगा सोलताना यांनी विचारले, "तुला तिथे जड जाईल का गं?" मी म्हटले, "अहो, तिथे मी एक तर पाहुणी असेन, नाही तर आजी." हे पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि इथे?" त्याला मला उत्तर सुचले नाही. मी शेंगांचे टोपले थोडे त्यांच्याकडे सरकवले.

आमच्या पौषाचा शेवटचा दिवस, २९ जानेवारी, शेजाऱ्यांच्या पंचांगात माघाची मौनी अमावास्या होता. संक्रांतीनंतर त्यांच्याकडे बँड पुन्हा सुरू झाले होते, पण त्या सकाळी काकी स्नान होईपर्यंत बोलल्या नाहीत. कुंपणापलीकडून नुसत्या हसल्या आणि कमंडलू घेऊन वैनगंगेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. उन्हाळ्यात दोन महिने येऊन राहू, गुडघ्यांना तिथल्या डॉक्टरांना दाखवू, घर मात्र विकायचे नाही, असे मी सांगितले. तो म्हणाला, "पण का, आई?" मी म्हटले, "अरे, तुझ्या घरी मला पौष मिळायचा नाही." त्याला ते कळले की नाही, मला सांगता येणार नाही. थोडा वेळ गेला. मग त्याने विचारले, चिन्नोर किती पाठवणार आहात? हे तोवर पोते ओढून तराजू शोधायला लागले होते.