गुण द्यायला बोलावलंय कुणाला?

आपल्या सीमाभागातल्या बैठकीची रीत वाचकांना ठाऊक आहे. हुद्द्याने मोठा माणूस आधी बोलतो, बाकीचे ‘बरोबर’ आणि ‘हौदु’ म्हणत चहाची वाट पाहतात. आरोग्य-संशोधनाचा पैसा कोणत्या प्रश्नावर लावायचा, हेही पुष्कळदा असंच ठरत आलं आहे.

यावर एडिंबरोचे इगोर रुडान आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. अनेक तज्ज्ञांकडून प्रश्न मागवायचे आणि प्रत्येकाने एकमेकांना न विचारता गुण द्यायचे. उत्तर मिळेल का, उपाय लागू पडेल का, लोकांपर्यंत पोचेल का, आजाराचा भार हलका होईल का, गरिबाला लाभेल का? होय तर १, नाही तर ०, अडलं तर ०.५. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने माता-बालआरोग्यासाठी हीच रीत वापरली; २५६ संस्थांतल्या जाणकारांकडून चार हजारांवर कल्पना आल्या.

संख्याशास्त्र शिकवत असल्याने मला इथे गाल्टनचा बैल आठवतो. १९०६ साली प्लिमथच्या प्रदर्शनात ७८७ जणांनी बैलाच्या मांसाचं वजन चिठ्ठीवर लिहिलं. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८! पण त्या गर्दीत खाटीक होते, शेतकरी होते. जनावराला हात लावलेली माणसं. ही गोष्ट सांगताना लोक नेमकं तेवढंच गाळतात.

माझे धाकटे मामा खानापूरकडे शेतातल्या खोपीत झोपले असताना मण्यार चावून गेले. गाडी मिळेपर्यंत श्वास मंदावला होता. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ साली. या पद्धतीत निकषांचं वजन ठरवायला सामान्यांनाही विचारतात, हे चांगलंच. पण मुळात प्रश्न लिहितात तज्ज्ञच, आणि खोपीत निजणारा त्यांत नसतो.

मामी अजून विचारते, “गाडी येईस्तोवर घरच्यांनी करायचं काय रे?” तिचा प्रश्न मी पाच निकषांवर तपासला. चारांना १ दिला. ‘लोकांपर्यंत पोचेल का’ यापुढे ०.५ लिहून पेन खाली ठेवलं.